व्याही, मी आणि अडीच घोडे

माझ्या मुलीचं लग्न एकदा धरणाच्या मधोमध बंद पडलं होतं, आणि ते पुन्हा सुरू व्हावं म्हणून मी दिवसभर दोरी ओढत होतो.

आधी माझी चूक सांगतो. (माझी बायको सुनंदा म्हणते, "'चुका' म्हणा. लोकांना वाटेल एकच आहे.") एकतीस वर्षं बेंगळुरूत विमानांच्या कारखान्यात काढल्यावर मी निवृत्त झालो. सकाळी फिरणं, दुपारी झोपणं आणि संध्याकाळी मधुमेहावर चर्चा करणं हा माझ्या वयाच्या माणसांचा कार्यक्रम मला नको होता. म्हणून मी एका निवृत्त कर्नलकडून जुनी शिडाची बोट घेतली. छोटीशीच, चार माणसं बसली की पाचव्याने काठावरून हात हलवायचा. ती इथून चार तासांवरच्या एका धरणाच्या काठी बांधलेली असायची. शिडाच्या बोटीत एक मोठी सोय असते, ती म्हणजे वारा फुकट असतो. गैरसोय एवढीच, की तो नसतो!

म्हणून बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं अडीच अश्वशक्तीचं इंजिनही घेतलं. ते चोरीला जाऊ नये म्हणून जे. पी. नगरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, टीव्ही आणि शोकेसच्या मधे, स्टुलावर ठेवलेलं असे. पाहुणे आले की विचारत, "नवा मिक्सर का?"

याच सुमारास आमच्या मुग्धाने लग्न ठरवलं. मुलगा प्रसन्न कुलकर्णी, तिच्याच ऑफिसातला. कुलकर्णी मंडळी मूळची धारवाडकडची, पण तीन पिढ्या चामराजपेटेत. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण झालं तर दोन्ही. प्रसन्नच्या वडिलांना सगळे अण्णा म्हणत आणि आईला अक्का. अण्णांचा चामराजपेटेत लग्नपत्रिकांचा छापखाना होता. माणूस अत्यंत सभ्य, कमी बोलणारा, आणि वेळेचा इतका पक्का की पाच वाजता येतो म्हणाले तर पाचला पाच कमी असताना जिन्यात थांबून राहायचे.

सुपारी फोडायची ती कुलकर्ण्यांच्या मूळ गावी, त्यांच्या नरसिंहापुढे, असं ठरलं. दसऱ्यानंतर लवकरच प्रसन्न कंपनीच्या कामासाठी वर्षभर परदेशी जाणार होता. त्याआधी गुरुजींनी एकच दिवस काढून दिला, दसऱ्यानंतरचा रविवार. तोही दुपारी साडेचारच्या आत, कारण साडेचारला राहुकाळ सुरू!

आणि ते गाव होतं कुठे? माझ्याच धरणाच्या वरच्या टोकाला, अगदी काठावर!

"सगळे गाडीनं जाऊ देत," मी जाहीर केलं. "मी अण्णांना पाण्यावरून घेऊन जातो. बावीस किलोमीटर. तीन तास. बाराच्या जेवणाला हजर."

"बाबा, प्लीज," मुग्धा म्हणाली. "प्लीज गाडीने या."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मुलीच्या बापाने पहिल्यांदाच केलेलं आमंत्रण. नाही कसं म्हणायचं? "सरी," ते म्हणाले, म्हणजे 'बरं'. त्या एका शब्दाला किती वेळ लागला, ते मी तेव्हा ध्यानात घ्यायला हवं होतं.

मधे खंडेनवमी आली. त्या दिवशी बेंगळुरूत जे जे फिरतं त्याची पूजा होते. बसला केळीचे खुंट, रिक्षाला हार, लेथला कुंकू. माझ्या इंजिनाची ही पहिलीच नवमी. पण सुनंदा म्हणाली, "हे देवापुढे बसणार असेल तर आधी याचा वास बंद करा. अख्ख्या खिरीला पेट्रोल लागतंय!" मी टाकीचं झाकण, त्याच्यावरचा बारका स्क्रू, जे जे पिळता येईल ते ते पकडीने घट्ट पिळलं. वास गेला. मग गंधाचे पट्टे, वर कुंकवाचा चांगला रुपयाएवढा गोळा, झेंडूचा हार. इंजिन इतकं देखणं दिसायला लागलं की सुनंदाने त्याचा फोटो बहिणीला पाठवला.

दुसऱ्या दिवशी खाली पार्किंगमध्ये पाण्याच्या निळ्या पिंपात ते चालवून पाहिलं. पहिल्या ओढीला सुरू! चार मिनिटं झकास चाललं. मग पिंपातलं सगळं पाणी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या स्कूटरवर जाऊन बसलं आणि मला चाचणी थांबवावी लागली. (ते टँकरचं पाणी होतं. त्यावर सोसायटीच्या ग्रुपवर जे लिहिलं गेलं ते इथे देत नाही.) मी वहीत नोंद केली : 'इंजिन निर्दोष.'

रविवारी सकाळी नऊला आम्ही तिघं बोटीत बसलो. मी, सुनंदा आणि अण्णा. अण्णा मंगलकार्याच्या वेषात होते. पांढरंशुभ्र धोतर, जरीचं उपरणं आणि त्याच्यावर मी दिलेलं नारिंगी लाइफजॅकेट. वाऱ्याचा पत्ता नव्हता. शीड दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखं लोंबत होतं. मी ते गुंडाळलं, रुबाबात इंजिनाची दोरी ओढली आणि आम्ही निघालो.

बरोबर दहा मिनिटांनी इंजिन पुट् पुट् करत गप्प झालं.

"होतं असं," मी म्हणालो. झाकण उघडून पाहिलं, पेट्रोल होतं. झाकण लावलं, चोक ओढला, दोरी ओढली. सुरू! "चोकचा प्रश्न होता," मी अण्णांना समजावलं. अण्णांनी मान डोलावली.

अकरा मिनिटांनी पुन्हा गप्प! झाकण उघडलं, पेट्रोल होतं, झाकण लावलं. या वेळी स्पार्क प्लग काढून पुसला. (कशाने पुसला ते सुनंदाला संध्याकाळी पदर पाहिल्यावर कळलं.) सुरू! "प्लग," मी म्हणालो.

"मगाशी चोक होता ना?" सुनंदा म्हणाली.

"मगाशी चोक होता. आता प्लग."

तिसऱ्यांदा मी टाकीत डोकावत असताना अण्णा उन्हाने हैराण होऊन डावीकडून उजवीकडे सरकले. झाकण लावलं, दोरी ओढली, सुरू! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "वजन! बोट एका बाजूला कलत होती म्हणून पेट्रोल पोचत नव्हतं. अण्णा, आता तुम्ही हलू नका."

"हलत नाही," अण्णा म्हणाले.

चौथ्यांदा बंद पडलं तेव्हा अण्णा हलले नव्हते. मी त्यांना आणखी पुढे, थेट बोटीच्या टोकाला बसवलं. तोंड मागे, गुडघे छातीशी. सुरू! पाचव्यांदा सुनंदाने इंजिनाच्या गळ्यातला हार काढला. "श्वास कोंडतोय बिचाऱ्याचा," ती म्हणाली. मी हसलो. इंजिन सुरू झालं. माझं हसू बंद झालं.

मी शास्त्रीय वृत्तीचा माणूस. वही काढली आणि प्रयोगांची नोंद सुरू केली. प्रयोग सहा : प्लग पुसणे, अण्णा टोकाला, हार काढलेला, सुनंदा मुखाने अथर्वशीर्ष. परिणाम : सुरू. प्रयोग सात : वरील सर्व, शिवाय मूठभर चिवडा पाण्यात. परिणाम : सुरू. प्रयोग आठमध्ये मी चिवडा वगळून पाहिला. तरी सुरू झालं, पण नऊ मिनिटांतच बंद पडलं, त्यामुळे चिवडा परत घेतला. साडेअकरापर्यंत इंजिन सुरू करायचा एक भरगच्च विधी तयार झाला होता. मी झाकण उघडून पेट्रोल पाहायचो, कमी असेल तर डब्यातून ओतायचो, झाकण लावायचो. मग प्लग, मग अण्णांचं उपरणं डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर (हे कधी शिरलं आठवत नाही), मग चिवडा, मग "ॐ नमस्ते गणपतये", मग दोरी. कुणाचीच काही गाळायची हिंमत नव्हती!

"अहो, दर वेळी नवं कारण कसं सापडतं तुम्हाला?" सुनंदाने विचारलं.

"संशोधन असंच चालतं."

"मग विमानं उडतात कशी?"

मी दोरी ओढायला घेतली.

तेवढ्यात मागून वेताच्या गोल टोपलीतून एक म्हातारा कोळी वल्हवत आला. दातात विडी, टोपलीत जाळं. आमच्याजवळ येऊन त्याने इंजिनाकडे, कुंकवाकडे, मग टोकाला मुटकुळं करून बसलेल्या अण्णांकडे पाहिलं. "केट्टु होय्ता, सार?"

"बिघडलं काय, विचारतोय," अण्णा म्हणाले.

"छे छे! विश्रांती घेतोय म्हणावं."

दोरी बांधून ओढून नेतो, असं तो म्हणत होता. अडीच घोड्यांनी एका टोपलीच्या मागे बांधून जायचं? मी हात जोडून नकार दिला. तो आमच्या पुढे निघून गेला. अकराव्या बिघाडाला तो परत येताना भेटला. जाळं टाकून, मासे धरून, ते वरच्या गावात विकून! या वेळी त्याने काही विचारलं नाही. नुसता नमस्कार केला, तोही इंजिनाला.

बारा वाजले. एक वाजला. लांबवर काठावरून कुठल्यातरी घरातून फोडणीचा वास आला आणि आम्ही तिघंही एकदम त्या दिशेला वळलो. दोन वाजता माझ्या फोनला रेंजची एक काडी आली आणि लगेच मुग्धाचा फोन.

"बाबा, कुठे आहात?"

"पाण्यावर."

"ते माहितीये हो! पाण्यावर कुठे?"

"मधे."

ती मंडळींपासून बाजूला गेली असावी. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबा, इथे प्रसन्नचे काका म्हणतायत, मुलीच्या वडिलांच्या मनात नसेल म्हणून मुद्दाम उशीर चाललाय. अक्का काही बोलत नाहीयेत, पण त्या सारख्या घड्याळाकडे बघतायत. साडेचारच्या आत याल ना?"

"येतो," मी म्हणालो, आणि काडी गेली.

खरं सांगतो. इतका वेळ मला इंजिनाची काळजी होती, आता मुग्धाचा आवाज ऐकू येत होता. तिने आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. या वेळी तिने फक्त गाडीने या म्हटलं होतं. मी अण्णांकडे पाहिलं. ते मिटल्या डोळ्यांनी डोलकाठी दोन्ही हातांनी धरून बसले होते. मला वाटलं, हा माणूस मनातल्या मनात नकार जुळवतोय, आणि तो नकारही छापील असेल, सुबक अक्षरात.

"अण्णा, रागावला नाहीत ना?"

"नाही हो," डोळे न उघडता ते म्हणाले. "तुमचं चालू द्या."

माझ्या हाताला फोड आले. फोडांवर फोड आले. सुनंदाचा घसा बसला, त्यामुळे अथर्वशीर्ष आता नुसते ओठ हलवून चाललं होतं. (इंजिनाला फरक पडला नाही.) चिवडा संपला, तेव्हा आम्ही साखरपुड्यासाठी आणलेल्या पेढ्यांवर आलो. सुनंदा प्रत्येक पेढा पाण्यात सोडताना माझ्याकडे बघायची. त्या नजरेचं वर्णन करायचं म्हटलं तर अजून एक वही लागेल.

चार वाजून दहा मिनिटांनी गाव दिसलं. देवळाचं शिखर, काठावरचं वडाचं झाड, त्याखाली उभी असलेली मंडळी. हिरव्या साडीतली मुग्धा हात हलवत होती. अर्धा किलोमीटर उरलं होतं. मी सुनंदाला म्हणालो, "पोचलो!" आणि त्याच क्षणी इंजिन सोळाव्यांदा गप्प झालं.

मी टाकीकडे हात नेला. दोरी ओढायची ताकदच उरली नव्हती. "संपलं," मी म्हणालो आणि मटकन खाली बसलो. सुनंदा पेढ्यांचा रिकामा पुडा हातात धरून बघत राहिली.

तेव्हा अण्णांनी डोळे उघडले. घड्याळात पाहिलं, देवळाच्या शिखराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. घसा खाकरला.

"दामलेसाहेब, राग मानणार नसाल तर एक बोलू काय?"

"बोला अण्णा. जे काय असेल ते आताच बोला." मी नकार ऐकायची तयारी केली.

"त्या झाकणावर, कुंकवाच्या खाली एक बारका स्क्रू आहे बघा. तो स्वल्प सैल करा की हो!"

"काय?"

"अय्यो, टाकीत वरनं हवा गेली तर पेट्रोल खालनं उतरेल की! तुम्ही तो गच्च पिळून ठेवलाय. झाकण उघडता तेव्हा हवा आत जाते, म्हणून दहा मिनिटं चालतंय. मग पुन्हा आपलं तेच. आमच्या छापखान्यात असलंच एक जनरेटर होतं. कामाला नवा माणूस आला की पहिल्या दिवशी हेच शिकवायचो आम्ही."

मी कुंकू खरवडलं. खाली स्क्रू होता. पकडीने एक आटा फिरवला. टाकीने सुस्स करून एक लांबलचक श्वास घेतला. इतका लांब श्वास मीही आयुष्यात घेतलेला नाही. मी नुसतं बोट लावल्यासारखी दोरी ओढली. धडाड सुरू!

मी सुन्न झालो. सुनंदा त्याहून सुन्न झाली.

"अण्णा," मी विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"तिसऱ्या वेळी."

"ति... सकाळी साडेनऊला? मग बोलला का नाहीत?"

"कसं बोलणार हो?" अण्णा कळवळून म्हणाले. "सुपारी फुटायची आहे अजून! मुलीच्या बापाची पहिल्याच दिवशी चूक काढली, तर मुलाकडचे आत्तापासून शेफारले म्हणतील लोक. अक्कानं घरातनं निघताना तीनदा बजावलं होतं, तिकडं ते काही करोत, तुम्ही तोंड उघडायचं नाही. आता राहुकाळच लागायला आला, तेव्हा म्हटलं मर्यादा तरी कुठवर सांभाळायची!"

म्हणजे हा माणूस दिवसभर डोळे मिटून बसला होता तो रागाने नव्हे! मी एकदा तोंड उघडून विचारलं असतं, 'अण्णा, तुम्हाला काय वाटतं?' तर आम्ही बाराला जेवत असतो. पण एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो, लोकांना विचारायची सवयच नव्हती. हा धक्का इतका जबर होता, की इंजिन बंद करायचं असतं हेही मी विसरलो. दिवसभर ते आपलं आपण बंद पडत होतं ना! वडाचं झाड मोठं मोठं होत गेलं, सुनंदा "अहो! अहो!" ओरडली, आणि बोट पूर्ण वेगात काठावरच्या चिखलात घुसली. अण्णा टोकाला बसलेले असल्यामुळे चिखलात सर्वांत आधी तेच पोचले, आणि त्यांच्यामागोमाग मी. धोतर, उपरणं आणि लाइफजॅकेट यांचा रंग एकच झाला.

मुग्धाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. प्रसन्न धावत आला. काका तोंड उघडणार एवढ्यात अण्णा गुडघाभर चिखलातून उठले, चार वाजून बावीस मिनिटं झाल्याचं पाहिलं आणि म्हणाले, "बघत काय उभे राहिलात? सुपारी आणा!" चार सव्वीसला सुपारी फुटली. नरसिंहापुढे दोन्ही व्याही चिखलाने इतके माखलेले, की गुरुजींनी कुंकू कुणाला लावायचं ते विचारून घेतलं. मुग्धा माझ्या गळ्यात पडून रडली, मग हसली, मग स्वतःची साडी पाहून परत रडली.

पाच वाजता एकदाचं जेवायला बसलो. अक्का वाढत होत्या. अण्णांनी एव्हाना स्क्रूची गोष्ट सगळ्या पंगतीला सांगितली होती. अर्थात अगदी आदराने, "आमच्या व्याह्यांचं नुसतं लक्ष नव्हतं हो" असं म्हणत. अक्का भाताचं पातेलं घेऊन माझ्यापुढे थांबल्या.

"विमानांच्या कारखान्यात होता म्हणे तुम्ही. तिथं काय बघायचा हो?"

मी मुग्धाकडे पाहिलं. मुग्धाने पानात मान घातली. सुनंदाला ठसका लागला. कारण मी एकतीस वर्षं ज्या विभागात काढली, जिथे शेवटी मी प्रमुख होतो, ज्या विषयावर देशभरच्या तरुण इंजिनियरांना मी व्याख्यानं दिली, त्या विभागाचं काम एकच होतं : विमानाच्या पेट्रोलच्या टाकीत हवा नीट जाते की नाही ते पाहणं!

"कॅन्टीन," मी म्हणालो. "मी कॅन्टीन बघायचो."

"अस्सं होय!" अण्णांचा चेहरा एकदम उजळला. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना माझं काहीतरी पटलं होतं. पुढे लग्नात, चारशे पानांच्या बिसीबेळे भाताची जबाबदारी व्याह्यांनी मोठ्या विश्वासाने माझ्यावर टाकली, आणि मी ती घेतली.